जस्ताच्या पाण्याला रंग नाही

तुळसा मोंडकरच्या हाताला बाटल्यांचे रंग पाठ आहेत. प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली दगडी ओटा आहे, त्यावर त्या ओळीने उभ्या असतात. मोरचुदाचं, म्हणजे तांब्याचं, पाणी माघातल्या समुद्रासारखं निळं. निकेलचं हिरवं, रतांब्याच्या कच्च्या फळासारखं. कोबाल्टचं गुलाबी, आणि ते गुलाबी कसं तर उकळत्या पाण्यात कोळंबी टाकल्यावर पहिल्या क्षणाला जसं दिसतं तसं. लोहाचं फिकट हिरवं, अगदी अंगचोर. ते रोज नवं करावं लागतं आणि त्यात सौम्य आम्लाचे चार थेंब टाकावे लागतात, नाहीतर दुपारपर्यंत त्याचा जुना चहा होतो. आणि शेवटी जस्ताचं. त्याला रंग नाही. विहिरीचं पाणी कोणी बाटलीत भरून ठेवावं तसं.

हे सगळं तिला कोणी शिकवलं नाही. अकरा वर्षं ती त्या ज्युनिअर कॉलेजात ठोक मानधनावर मदतनीस म्हणून आहे. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, द्रावणं तयार करणं, बर्नर पेटवणं हे तिचं काम. एखाद्या मुलाने चिठ्ठी नसलेली बाटली आणून दिली, तर ती उजेडाकडे धरून, एकदा हलवून, नाव सांगते. आमच्या वाडीतल्या बायका टोपलीतला मासा डोळ्यावरून ओळखतात, तसंच ते.

पण ओळखणं वेगळं आणि लिहिणं वेगळं.

चार वर्षांपूर्वी संस्थेने ठरवलं की प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना कायम करायचं, पण आधी रसायनशास्त्राची लेखी परीक्षा घ्यायची. बारावीच्या पुस्तकावरची, शंभर गुणांची. पन्नासला पास. संधी तीन. तिन्ही गेल्या तर जागेवर बाहेरून माणूस येणार, आणि तुळसाने आपल्या अकरा वर्षांची पिशवी उचलून घरी जायचं. एवढं सरळ होतं ते.

तुळसा बारावी आहे, पण कला शाखेची. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिने अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. नवरा रामचंद्र ट्रॉलरवर खलाशी. आठ दिवसांनी घरी यायचा तेव्हा ती चुलीपुढे पुस्तक धरून बसलेली असायची.

"काय वाचतंस गो एवढा?"

"अणू."

"मिळालो काय?"

"मिळालो. पण दिसणा नाय."

"मगे मिळालो कसो?" तो हसत जेवायला बसायचा. तिलाही हसू यायचं, पण प्रश्न खोटा नव्हता. पुस्तक आधी सांगायचं की इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो, आणि पुढच्याच धड्यात सांगायचं की फिरतो असं म्हणू नका, तो कुठे असण्याची शक्यता किती एवढंच म्हणा. कक्षिका म्हणे रस्ता नाही, जागा आहे. आणि जागा म्हणजे तरी धुक्यासारखी. तुळसाला धुक्याचं काही वाटलं नाही. पहाटे खाडीवर धुकं असतं, त्यात होडी असते, दिसत नाही, पण वल्ह्याचा आवाज येतो. तेवढ्यावर माणूस सांगतो, ती तिथे कुठेतरी आहे. तिला हे पटलं.

यतीन सर रसायनशास्त्र शिकवायचे तेव्हा ती मागच्या दाराशी नळ्या पुसत ऐकायची. सर इन्सुलीचे, तरुण, आवाज खणखणीत. माणूस चांगला. एके दिवशी त्यांनी फळ्यावर पाच चौकोन काढले आणि म्हणाले, समान ऊर्जेच्या कक्षिका असतील तर आधी प्रत्येकीत एकेक इलेक्ट्रॉन जातो, सगळ्यांना एकेक मिळाल्यावरच जोड्या लागतात. वर्गातल्या मुलांची तोंडं मेणासारखी. तुळसाचा हात मात्र थांबला. हे तर रापणीचे वाटे! रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, सगळी वाडी मिळून ओढते. मासळी वाळूवर आली की ज्यांनी दोराला हात लावला त्यांच्या नावाचे वाटे घालतात. आधी प्रत्येक वाट्याला एकेक बांगडा, सगळी ओळ पुरी झाली की मग दुसरा. कोणाला आधीच दोन आणि कोणाचा वाटा रिकामा, असं आमच्याकडे चालत नाही. तिने तो नियम कधी पाठ केला नाही. तो तिच्या घरचाच होता.

तिथेच तिचा घात झाला. एक नियम समुद्राने दिला म्हटल्यावर तिला वाटलं, सगळेच तो देईल.

पहिल्या परीक्षेत तिला त्रेचाळीस गुण पडले. पेपर बघायला मिळाला. बाकी सगळीकडे कमीजास्त, पण एका प्रश्नावर सहा फुल्या. सहा आयनांची इलेक्ट्रॉन संरूपणं, म्हणजे कोणत्या कक्षिकेत किती इलेक्ट्रॉन ते, लिहायची होती, प्रत्येकी दोन गुण. लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त, मँगनीज. मँगनीज सोडलं तर सगळे तिच्या ओट्यावरचे. बारा गुण होते. त्या बारांतला एकही मिळाला नव्हता.

ती पेपर घेऊन सरांकडे गेली. कॉलेजात ती पुस्तकातलं मराठी बोलते, आणि रागात असली की आणखीच शुद्ध.

"सर, लोहाचे सव्वीस इलेक्ट्रॉन. आधी चार-एस कक्षिका भरते, दोन. मग तीन-डी, सहा. बरोबर?"

"बरोबर."

"आता आयन करायला त्यातले दोन काढायचे. शेवटी डी भरली, म्हणजे आधी डी मोकळी होणार. डीमध्ये उरले चार. मी तेच लिहिलं."

"ते चूक आहे. आधी चार-एसमधले जातात. डीमध्ये सहाच राहतात."

"पण चार-एस आधी भरली होती."

"हो."

"मग आधी आलेली आधीच कशी जाईल?"

सरांनी घड्याळ बघितलं. बारावीचा तास होता. "तुळसाताई, तसंच आहे ते. भरताना आधी चार-एस, रिकामी करताना पण आधी चार-एस. पाठ करा. दरवर्षी विचारतात."

"पण का, सर?"

"पाठ करा ना ताई. एवढं डोकं कशाला शिणवता?"

तिने पाठ केलं. खोटं नाही सांगत, एस.टी.त, मासळी साफ करताना, विहिरीवर, चार-एस आधी, चार-एस आधी. रामचंद्रही म्हणू लागला. बंदरावर निघताना दारातून ओरडायचा, "चार-एस आधी!" शेजारच्या तन्वीला वाटलं, हे काहीतरी नवं मंत्रबिंत असावं.

पण परीक्षेच्या बाकावर पेन हातात आलं की हात ऐकायचा नाही. त्याचं कारण जुनं होतं. तुळसा दहा वर्षांची असताना तिचा बाप शिवा होडीत जाळं रचायला तिला घ्यायचा. जाळं थरावर थर रचतात. जो थर शेवटी येतो तो वर राहतो, आणि समुद्रात तोच पहिला सुटतो. एकदा तिने शेवटचा थर कंटाळून मधल्या थराखाली दडपला. खोल पाण्यात जाळं सुटेना, गाठ पडली, होडी एका अंगाला झुकली. शिवा परत आला तो भिजून, पांढरा पडून. तिला मारलं नाही. गाठ पडलेलं जाळं अंगणात टाकलं आणि म्हणाला, सोडव. तीन दिवस ती ते सोडवत बसली, आणि तीन दिवस तो येता-जाता एकच वाक्य बोलत होता: "शेवटाक रचलेला पयला सुटता. इसारलंस तर होडी उलटता."

बोटांच्या पेरांत शिरलेली अशी गोष्ट पाठांतराने निघत नाही.

दुसऱ्या परीक्षेत तिने लोहाचं उत्तर बरोबर लिहिलं. डीमध्ये सहा. मग त्याच्याकडे बघत राहिली. ते तिला उलटं रचलेल्या जाळ्यासारखं दिसू लागलं. तिने ते खोडलं आणि डीमध्ये चार लिहिले. त्यापुढची पाचही त्याच वाटेने गेली. गुण शेहेचाळीस.

त्या दिवशी ती घरी आली आणि थेट चुलीकडे गेली. रामचंद्र म्हणाला, "चार-एस आधी नाय लिवलंस?" तिने हातातलं पातेलं अशा आवाजात ठेवलं की त्याने पुन्हा वर्षभर चार-एसचं नाव काढलं नाही. तिला राग नेमका कोणाचा येत होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. सरांचा, कारण ते सांगत नव्हते. पुस्तकाचा, कारण ते एका ओळीत सांगून पुढे जात होतं. आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताचा. आयुष्यभर ज्या हाताने कधी दगा दिला नाही, तोच इथे तिची वाट अडवून उभा होता. माणसाला न येणाऱ्या गोष्टीचा त्रास होतो. पण नीट येणारी गोष्ट आडवी आली की जो त्रास होतो, त्याला औषध नाही.

तिसरी परीक्षा एप्रिलमध्ये होती. फेब्रुवारीत एकदा सर प्रयोगशाळेतच वर्ग घेऊन रंगांबद्दल सांगत होते. तीन-डी अर्धवट भरलेली असली तर पाण्याला रंग येतो. ती पूर्ण भरलेली असली किंवा पूर्ण रिकामी असली तर रंग येत नाही. तुळसा मागे ओट्यावर बाटल्या पुसत होती. तिच्या हातात त्या वेळी जस्ताची बाटली होती.

तिने ओल्या बोटाने ओट्यावरच हिशोब मांडला. जस्ताची डी भरलेली, दहा. वर चार-एसमध्ये दोन. दोन काढायचे. तिच्या रीतीने काढले तर डीमध्ये उरतात आठ. आठ म्हणजे अर्धवट. मग रंग पाहिजे. निकेलच्या आयनात आठ असतात असं पुस्तक सांगतं, आणि तो हिरवागार. तिने एका हातात निकेलची बाटली घेतली, दुसऱ्या हातात जस्ताची, आणि दोन्ही खिडकीशी धरल्या. एक रतांब्यासारखी हिरवी. दुसरीतून पलीकडचा माड दिसत होता, झावळ मोजता येईल इतका स्वच्छ.

जस्ताचं पाणी खोटं बोलत नव्हतं. ते अकरा वर्षं तिच्यासमोर तसंच उभं होतं. डी भरलेलीच राहत होती. जात होते ते चार-एसवालेच.

तिने बाटली ओट्यावर इतक्या जोरात टेकवली की बूच उडालं. वर्गातली मुलं मागे वळली. "काय झालं, ताई?" सर म्हणाले. "काही नाही," ती म्हणाली. "बूच सैल होतं."

आता फुल्या मारणारे खरे ठरले होते आणि तिचा बाप खोटा. पण ते तरी कसं? बापाच्या नियमाने चाळीस वर्षं होड्या सुखरूप परत आल्या. तिला बरं वाटलं नाही. ती जास्तच चिडली.

शनिवारी ती माहेरी गेली. माहेर म्हणजे त्याच किनाऱ्यावर पाऊण मैल पलीकडे. शिवा आता अठ्ठ्याहत्तरचा, होडीवर जात नाही. सुरूच्या सावलीत बसून जाळ्यांची भोकं शिवतो.

"बाबा, शेवटाक रचलेला पयला सुटता, ह्या तू माका शिकवलंस."

"शिकवलंय. मगे?"

"ता खोटा आसा."

शिवाने सुई थांबवली. "कोणी सांगल्यान?"

"जस्तान."

"खयचो जस्त? काळश्याचो?"

"माणूस नाय ओ, धातू. डब्यार मुलामो देतत तो." तिने वाळूत काटकीने चौकोन काढले. आत ही जागा, बाहेर ती जागा, ही आधी भरली, ती मागून भरली, आणि तरी आधी भरलेलीच आधी रिकामी होते. शिवाने सगळं ऐकून घेतलं. म्हातारा कशाचीही घाई करत नाही.

"ही तुझी इलेक्ट्रॉना बारकी आसत?"

"खूप बारकी."

"खाडीतल्या सुंगटापेक्षा?"

"बाबा, मस्करी नको. दोन महिन्यांर परीक्षा आसा. नापास झालंय तर नोकरी जायत."

"मस्करी कोण करता? माका सांग, ही तुझी जाळी होडीत रचली हत काय रापणीक लायली हत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! होडीतलो नेम होडीत. रापणीक तो खंय लागता?" मग तो तिच्यावरच उखडला. "कॉलेजात गेलंस तशी दोराक हात लावूक इसारलंस. बघ, थंय रापण लागली हा. जा. वडून ये आणि मगे माका खोटो म्हण."

खरोखरच किनाऱ्यावर रापण लागली होती. होडी अर्धं वर्तुळ घालून नुकती परतली होती. तुळसाने साडी खोचली आणि उत्तरेकडच्या दोराला हात घातला. सहा वर्षांनी. पुढे सावित्रीकाकी होती, वाडीतली जुनी रापणकरीण.

"इली बाय मास्तरीण! हात सोलतले हां."

"सोलूंदेत."

दोर ओढताना पाय मागे जातात आणि डोळे पुढे राहतात. तिने पुढे बघितलं. हा तिच्या हातातला उत्तरेचा दोर, होडी निघाली तेव्हा सगळ्यांत आधी पाण्यात पडलेला. याचं टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती ठेवूनच होडी आत जाते. आणि तो पलीकडे दक्षिणेचा दोर, सगळ्यांत शेवटी पडलेला. दोन्ही एकाच वेळी वाळूवर येत होते. मधे पडलेली जाळ्याची पोटपिशवी मात्र सगळ्यांच्या मागून येणार होती. पहिला पडलेला दोर पहिलाच येत होता. कारण त्याचं टोक बाहेर होतं. हाताजवळ होतं.

ती थांबली. दोर तिच्या तळव्यातून सरकला.

"वड गो तुळशे!" सावित्रीकाकी ओरडली. "थंय काय फोटो काढतंत तुझो?"

तुळसा ओढू लागली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. होडीत शेवटी रचलेला थर पहिला सुटतो तो शेवटी रचला म्हणून नाही. तो वर असतो म्हणून. होडीत शेवटचा आणि वरचा एकच असतो, म्हणून तिने आयुष्यभर दोन्ही एकच धरले. कोण कधी आलं हा प्रश्नच नव्हता. बाहेर कोण आहे, हा प्रश्न होता. आणि चार-एस बाहेर होती. पुस्तकात चित्र होतं, मोठ्या गोळ्याचं, तीन-डीच्या पाकळ्यांच्या पलीकडे पसरलेलं. चार-एस चौथ्या कवचाची, आणि तीन-डी तिसऱ्याची. तीन वर्षं ते चित्र तिच्यासमोर होतं, आणि एकाही माणसाने त्यावर बोट ठेवून दोन शब्द सांगितले नव्हते.

तिला आनंद झाला असेल असं कोणाला वाटेल. नाही झाला. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढंसं होतं ते! एवढ्याशासाठी दोन वर्षं, पातेली, जागरणं, नवऱ्याची मस्करी!

वाटे पडले तेव्हा तिच्या वाट्यालाही बांगडे आले. ते तिने बापापुढे नेऊन ठेवले.

"खोटो मी?" शिवाने विचारलं.

"नाय. पण अर्धोच सांगलंस."

"दहा वर्सांच्या चेडवाक अर्धोच सांगतत," तो म्हणाला आणि पुन्हा भोक शिवायला लागला.

एप्रिलच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. तोच येतो. तिने सहाही आयन लिहिले, आणि हात एकदाही अडला नाही. जस्ताच्या पुढे तिने जास्तीच्या दोन ओळी लिहिल्या: 'चार-एस आधी भरली असली तरी ती बाहेर आहे, म्हणून आधी जाते. डी दहाच राहते, म्हणून जस्ताच्या पाण्याला रंग नाही.'

मे महिन्यात निकाल लागला. एकोणसाठ. तपासलेला पेपर तिने पुन्हा मागून घेतला. आयनांचे बाराच्या बारा गुण होते. जस्ताच्या त्या दोन ओळींखाली मात्र तपासणाऱ्याने लाल शाईने रेघ मारून लिहिलं होतं: 'कारण विचारलेले नाही.'

ती ते वाचत प्रयोगशाळेत उभी असताना यतीन सर आत आले. अभिनंदन म्हणाले, मनापासून म्हणाले. मग त्यांची नजर लाल रेघेवर गेली, आणि तिच्या वरच्या दोन ओळींवर. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलं."

सरांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मग खाली बघत म्हणाले, "मला पण कोणी सांगितलं नव्हतं, ताई. आम्हीही पाठच केलं. मी सहा वर्षं पाठच करून घेतोय." आणि पुढे म्हणाले, "जूनमध्ये नवा वर्ग येईल. तेव्हा मुलांना हे तुम्ही सांगाल का? तुमच्या रीतीने, तुम्हाला कळलं तसं. आधी मला सांगा. मला नीट कळलेलं नाही."

तुळसाने जस्ताची बाटली पुसली आणि ओळीत ठेवली. मग निकेलची पुसली. दोन वर्षं तिच्या जिभेवर अडकलेलं वाक्य आता बाहेर यायला मोकळं होतं.

"पाठ करा, सर," ती म्हणाली. "एवढं डोकं कशाला शिणवता?"

सरांचा चेहरा पडला. तिने तो तसाच पडू दिला, बाटल्यांची सगळी ओळ पुसून होईपर्यंत. मग फडका नळावर वाळत घालता घालता, कॉलेजातलं मराठी बाजूला ठेवून म्हणाली, "उद्या सकाळी सहाक वाडीत येवा. रापण लागली तर दोर वडूक मिळात. बूट घालून येव नकात."